बॉक्स्टरचा तिसरा रेडिएटर: घरी बसवण्याच्या संचाचे परीक्षण

पोर्शच्या पहिल्या पिढीतील बॉक्स्टरचे, म्हणजे 1996 ते 2004 या काळात तयार झालेल्या 986 मॉडेलचे, इंजिन आसनांच्या मागे असते, तर रेडिएटर, म्हणजे इंजिनाची उष्णता हवेत सोडणारे भाग, पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, चाकांच्या अलीकडे बसवलेले असतात. इंजिनात तापलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गाडीच्या पोटाखालच्या लांब नळ्यांतून पुढे येते आणि थंड होऊन पुन्हा मागे जाते. 2000 सालच्या मॉडेलपासून मिळू लागलेल्या 3.2 लिटरच्या बॉक्स्टर एसमध्ये कंपनीने बंपरच्या मधोमध तिसरा रेडिएटर दिला. मॅन्युअल गिअरच्या साध्या बॉक्स्टरमध्ये मात्र ती जागा रिकामी असून बंपरचा मधला झरोका बंद असतो. ही जागा भरण्यासाठी सुट्या भागांचे विक्रेते तयार संच विकतात. त्यांपैकी एक संच मी कॅलिफोर्नियातील माझ्या घरच्या गॅरेजमध्ये 2.7 लिटरच्या गाडीला बसवला आणि ऐन उन्हाळ्यात विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर गाडी चालवून पाहिली. ट्रॅकवर जाणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा, आणि केवळ शहरात गाडी चालवणाऱ्यांनी त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे मत झाले आहे.

याचे कारण सरळ आहे. कोपऱ्यांतील दोन्ही रेडिएटरना स्वतःचे विजेचे पंखे असतात. मधल्या रेडिएटरला पंखा नसतो. गाडी वेगात असताना समोरून येणारा वाराच त्याला थंड ठेवतो. सिग्नलवर किंवा वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या गाडीला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. ज्यांच्या गाडीचा तापमानाचा काटा अशा वेळी वर चढतो, त्यांनी आधी बंपर उतरवून एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि त्यामागचा रेडिएटर यांच्यामधली फट पाहावी. तिथे सुकी पाने, धूळ आणि किडे यांचा इतका जाड थर साचतो की वारा पलीकडे पोहोचतच नाही. दुसरी तपासणी पंख्याच्या रेझिस्टरची, म्हणजे वीज कमी करून पंखा हळू फिरवणाऱ्या भागाची. तो जळाला की पंख्याचा कमी वेग बंद पडतो आणि पंखा थेट जास्त वेगाच्या तापमानालाच सुरू होतो, त्यामुळे बिघाड बरेच दिवस लक्षात येत नाही. या दोन गोष्टी दुरुस्त केल्यावर शहरातली तक्रार बहुतेक वेळा मिटते.

आता संचाविषयी. रेडिएटरचे काम चांगले आहे: अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या सरळ आहेत, दोन्ही टोकांच्या टाक्यांची जोडणी एकसारखी आहे आणि रबरी बुश ब्रॅकेटमध्ये ठोकाठोक न करता बसतात. मूळ होजच्या (कूलंटच्या रबरी नळ्यांच्या) जागी बसणारे, मध्ये टी-आकाराची फांदी असलेले होज संचातच मिळतात, त्यामुळे मूळ होज कापावे लागत नाहीत आणि पुढे कधी गाडी पूर्ववत करायची झाली तर वाट मोकळी राहते. ज्या संचांमध्ये मूळ होज कापून प्लॅस्टिकचा टी घालायला सांगितलेले असते, ते मी कोणालाही सुचवणार नाही, कारण जोड जितके वाढतात तितक्या गळतीच्या जागा वाढतात. क्लॅम्प मात्र स्क्रूने आवळायचे, साधे दिलेले आहेत. होज तापला की फुगतो आणि निवला की आकसतो. स्प्रिंगचा क्लॅम्प त्याबरोबर स्वतःचा ताण जुळवून घेतो, स्क्रूचा घेत नाही. मी ते सगळे बाजूला ठेवून स्प्रिंगचे क्लॅम्प विकत आणले. एवढ्या किमतीच्या संचात ते असायलाच हवे होते.

याहून मोठी उणीव हवेच्या मार्गाची आहे. झरोक्यातून आलेला वारा रेडिएटरमधूनच जावा यासाठी दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकचा बंदिस्त मार्ग लागतो. तो नसेल तर वारा सोपी वाट धरून रेडिएटरच्या बाजूंनी निसटतो आणि महागाचा भाग नुसताच अडकवल्यासारखा होतो. संचातला हा भाग वरच्या कडेला बंपरला नीट टेकत नाही. साधारण बोटभर फट राहते. मी ती दाट फोमच्या पट्टीने बंद केली. एस मॉडेलचा मूळ भाग वेगळा मागवणे हा अधिक चांगला उपाय आहे, आणि बंद झरोक्याच्या जागी एसची उघडी जाळी तर घ्यावीच लागते. त्या जाळीमागे आणखी एक बारीक तारेची जाळी लावावी, कारण या रेडिएटरपुढे कंडेन्सर नसतो आणि पुढच्या गाडीच्या टायरने उडवलेला खडा थेट त्याच्या पट्ट्यांवर येतो.

बसवण्याचे काम घरी होण्यासारखे आहे. गाडी चार भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. बंपर उतरवणे आणि ब्रॅकेट लावणे यात विशेष काही अडत नाही. खरी परीक्षा कूलंट भरताना असते. नळ्या लांब असल्यामुळे आत हवा अडकून राहते, आणि असा बुडबुडा इंजिनाच्या हेडमध्ये अडकला तर तेवढ्याच जागी धातू तापतो. म्हणून कॉम्प्रेसरवर चालणारे निर्वाताचे उपकरण वापरावे, असा माझा आग्रह आहे. ते आधी सर्व हवा ओढून घेते. मग झडप बंद करून त्याच्या काट्यावर लक्ष ठेवावे: काटा जागचा हलला नाही तर एकही जोड गळत नाही, हे कूलंटचा थेंब न सांडता कळते. त्यानंतर निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण आत ओढू द्यावे आणि मागच्या डिकीतील टाकीजवळच्या हवा काढण्याच्या झडपेची तारेची कडी उचलून इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवावे. काढलेले जुने कूलंट उघड्या भांड्यात राहू देऊ नये. ते चवीला गोड असते आणि कुत्र्या-मांजरांसाठी प्राणघातक ठरते. ते गटारात न ओतता घातक कचऱ्याच्या संकलन केंद्रावरच द्यावे.

गाडीतला काटा ढोबळ असल्याने मी ओबीडी रीडरवरचे, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी दाखवणाऱ्या उपकरणावरचे, आकडे पाहिले. महामार्गावर सावकाश चालवताना काहीच फरक दिसला नाही, आणि तो दिसायलाही नको, कारण तिथे तापमान थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उष्णतेनुसार उघडणारी झडप) ठरवतो आणि मूळ थर्मोस्टॅट 83 अंशांच्या आसपास उघडू लागतो. ट्रॅकवर मात्र चित्र वेगळे होते. पूर्वी दुपारच्या सत्रात कूलंट 105 अंशांच्या पुढे जाई आणि मला गाडी आवरती घ्यावी लागे. आता तशाच उन्हात ते शंभरीच्या आत राहते. या इंजिनात तेलही कूलंटच्याच साहाय्याने थंड होते, म्हणून हा लाभ तेलापर्यंत पोहोचतो, आणि माझ्या दृष्टीने या खर्चाचे सर्वांत मोठे समर्थन तेच आहे. त्यानंतरही कोणाचे तेल तापत असेल तर एसचा मोठा ऑइल कूलर ही पुढची पायरी आहे, आणि तो बसवायचा विचार असेल तर दोन्ही कामे एकदमच करावीत, म्हणजे कूलंट एकदाच काढावे लागेल.