म्हापशाचं गॅरेज: पत्र्याचं काम झकास, तारखेचं विचारू नका

आजोबांची १९५६ ची प्लिमथ सबर्बन, म्हणजे अमेरिकन स्टेशन वॅगन, पोर्तुगीज अमदानीत गोव्यात उतरलेली, कित्येक वर्षं माडाखाली पडून, खारी हवा आणि पाऊस खाऊन तळाचा पत्रा असा गंजला होता की आत पाय ठेवला की जमीन लागायची. या गॅरेजवाल्याने नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, थापली नाही (आधीच्या एकाने तेच केलं, पहिल्याच पावसात फुगे!), कुजलेलं कापून नवा पत्रा वेल्ड केला, आतून रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) मारलं, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी केली, गंज तिथूनच तर सुरू होतो. पाने सगळे इंची लागतात, तेही होते त्याच्याकडे. कबूल केलं गणेश चवथीला नि गाडी मिळाली शिगम्याला, म्हणजे होळीच्या सुमाराला. मागचं दार अजून अडकतंच. तरी ४ स्टार.