डेल्सफर्ड-हेपबर्न स्प्रिंग्ज: पैसे एकाच आंघोळीचे द्या, खरी मजा हातपंपावर आहे

मे महिन्यात मी आणि आई दादाकडे मेलबर्नला गेलो होतो, आईचे गुडघे धरलेलेच असतात त्यामुळे वहिनीने आग्रहच केला की डेल्सफर्डला जाऊन या, तिकडे झऱ्याच्या पाण्यात आंघोळीची सोय आहे. मेलबर्नपासून साधारण 110 किमी, गाडीने दीडेक तास. दादरला परत आल्यापासून बिल्डिंगमधले तिघं-चौघं विचारून गेले म्हणून एकदाच नीट लिहिते.

पहिली गोष्ट, वज्रेश्वरीची गरम कुंडं डोक्यात ठेवून जाऊ नका. डेल्सफर्डचं पाणी जमिनीतून गारच येतं, आंघोळीसाठी ते तापवतात. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून मुरत मुरत जातं, खाली त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि वर येतं ते फसफसतच. डेल्सफर्डला लागूनच असलेल्या हेपबर्न स्प्रिंग्जच्या रिझर्व्हमध्ये, म्हणजे झऱ्यांच्या राखीव जागेत, हातपंप लावलेत, दांडा चार वेळा हाणला की पाणी येतं, भांडं घेऊन कुणीही जा, एक पैसा द्यायचा नाही. पंपाखालचा दगड पार तांबूस झालाय कारण पाण्यात लोह आहे. पहिल्या घोटाला गोटी सोडा आणि मग मागून जिभेवर लोखंडी पळीची चव! लोकार्नो, सोडा, सल्फर, पॅव्हेलियन, वायुना अशी झऱ्यांची नावं आहेत आणि प्रत्येकाची चव वेगळी. आईला लोकार्नोचं आवडलं, दोन ग्लास प्यायली आणि दोन बाटल्या भरून घेतल्या. रात्री बाटलीच्या आतून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसत होते, सकाळी सोडा गेलेला आणि तळाला गंजासारखा गाळ, तेव्हा भरलं की लगेच प्या.

आता हे गाव मुळात सोन्याचं. 1851 मध्ये जॉन ईगनला तिथे सोनं सापडलं आणि माणसांची रीघ लागली, त्यात स्वित्झर्लंडच्या टिचिनो भागातले आणि उत्तर इटलीतले लोक खूप होते (लोकार्नो हे त्यांच्याकडच्याच एका गावाचं नाव). त्यांना असल्या पाण्याची किंमत आधीपासून ठाऊक होती. खाणकामात झरे बुजतील म्हणून गावकरीच सरकारच्या मागे लागले आणि 1865 मध्ये ती जागा राखीव झाली. मला ही गोष्ट फार भिडली, पायाखाली सोनं असताना लोक पाण्यासाठी भांडले. आणि आपल्याकडे तानसा नदीकाठी अकलोलीला, गणेशपुरीला देवाने गरम पाणी दिलंय, त्या कुंडांच्या कडेला साबणाची पाकिटं आणि प्लास्टिक बघून जीव तुटतो हो.

हेपबर्न स्प्रिंग्जचं बाथहाउस, म्हणजे झऱ्याच्या पाण्यात आंघोळीची ती जागा, 1895 चं, आताची इमारत मात्र नवीन वाढवलेली आहे. आम्ही बुधवारी गेलो, गर्दी कमी होती. स्विमिंग कॉश्च्युम लागतोच, आईने आधी नाही नाही केलं, मग पूर्ण बाह्यांचा घालून उतरली आणि अर्ध्या तासाने स्वतःहून म्हणाली "अजून दहा मिनिटं बसू गं". गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण त्या रात्री तिने बाम मागितला नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या दुसऱ्या एका स्पामध्ये एक तासाचं बुकिंग केलं, तिथे फॉर्म भरण्यात आणि कपडे बदलण्यात वीस मिनिटं गेली ती आमच्याच तासातून कापली, विचारलं तर पॉलिसी आहे म्हणाले. बुक करताना वेळ कधीपासून मोजणार ते आधी विचारून घ्या.

बाकी गाव छोटं आहे, डेल्सफर्ड लेकभोवती सपाट वाट आहे, आई काठी न घेता बरंच चालली. तो तलाव 1929 चा, जिथे आधी सोन्यासाठी खणत होते तिथेच केलेला. वॉम्बॅट हिलच्या बागेत मे महिन्यात (तिकडे तेव्हा पानगळीचे, थंडीचे दिवस) झाडं लालपिवळी झालेली असतात. बुलबोअर नावाचं तिथलं स्विस-इटालियन सॉसेज दादाने खाल्लं, त्यात बीफ आणि पोर्क दोन्ही असतं, आम्ही अर्थातच नाही खाल्लं. गाडी नसेल तर मेलबर्नहून ट्रेनने वुडेंड आणि पुढे बस, पण वयस्कर माणूस सोबत असेल तर गाडीच करा. स्वेटर, कानटोपी आणि रिकाम्या बाटल्या न्या, आणि सकाळी लवकर पंपावर जा, दहानंतर गाड्या यायला लागतात.