धुळ्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: भयकथावाल्यांनी एकदा जावंच
आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत आहे. पुढे सगळी एमपीएससीची गाईडं. भयकथा, रहस्यकथा मागे, सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यांत. गठ्ठा सोडायला काका कुरकुरतात, पण सोडतात. मला नारायण धारपांची (१९२५-२००८) एक कादंबरी मिळाली. निळी कापडी बांधणी, कुठल्याशा वाचनालयाचा पुसट शिक्का, मागच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं ‘रात्री वाचू नये’. धारप आधी घर, माणसं, चहापाणी असं सगळं साधंसरळ मांडतात आणि मग हळूच एखादी गोष्ट जागची हलवतात. मी सध्या केळीच्या बागेतल्या रात्रीच्या पाणीपाळीवर भयकथा लिहितोय, त्यामुळे अशी हलवाहलवीची पानं दोनदा वाचली. पाण्याची मोटार चालू करायला एकटा निघालेला माणूस असाच रंगवायचाय.

भाव छापील किमतीच्या निम्मा. घासाघीस चालत नाही.

तक्रार एकच. दुसऱ्या पुस्तकाची शेवटची पानं गायब, आणि तीही रहस्यकथेत! परत नेलं तर काका म्हणे, “शेवट तूच लिखी टाक ना भाऊ.” पैसे काही दिले नाहीत. घेताना पानं बघून घ्या, आणि दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याला हात लावू नका, वाळवी लागलीय.