कोरोना लसीचा बूस्टर (वाढीव डोस) घ्यावा की राहू द्यावा?

मोठी आई ७२ वर्षांची, जुना मधुमेह. परवा अंगणात कापसातला कचरा निवडता निवडता तिनं विचारलं, "पुन्हा सुई घेऊ का रे?"

आधी दगदग. २०२२ मध्ये १५ जुलैपासून ७५ दिवस बूस्टर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनाच सरकारी केंद्रात फुकट होता. तरी आम्ही एकदा हात हलवत परतलो. कोविशील्डची कुपी १० डोसांची, उघडली की ४ तासांत संपवायची. एकट्या म्हातारीसाठी कोण उघडणार? आता तर आधी फोन करून लस आहे का ते विचारूनच एसटीत बसा. न घेणाऱ्याची ही सगळी पायपीट वाचते, हे खरंच.

पण खरा प्रश्न संरक्षणाचा. संसर्गाला अडवण्याची ताकद काही महिन्यांत ओसरते. दवाखान्यात भरती होण्यापासूनचं संरक्षण जास्त टिकतं, मात्र म्हातारपणी तेही लवकर विरतं. जुन्या डोसांवर भिस्त ठेवणं तरण्या गड्याला परवडेल, साखर असलेल्या बाईला नाही.

त्रास म्हणाल तर बहुतेकांना दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण. आधीच्या डोसाने अंगावर जोरदार रिअ‍ॅक्शन आली असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

साठी ओलांडलेली, त्यात मधुमेह, हृदय, दमा किंवा किडनीचं दुखणं, अशांनी डॉक्टरशी बोलून घ्यावा. धडधाकट आहात, नुकताच कोविड होऊन गेला, तर काही महिने थांबलं तरी चालेल.

मोठ्या आईला मी "घे" म्हटलं. वेचणी उरकली की नेतो.