इनोजेन वन जी५: फायब्रोसिसच्या पेशंटसाठी घेताय? आधी चालवून बघा

लंग फायब्रोसिसमध्ये फुप्फुसावर व्रण धरत जातात, ते कडक होतं. पेशंट बसलेला असताना ऑक्सिमीटर ९५ दाखवतो, एक जिना चढला की ८२. ऑक्सिजन हवा असतो तो चालताना, म्हणूनच घरचे पोर्टेबल मशीन शोधतात. इनोजेन वन जी५ हे असंच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन. ते हलकं आहे, बॅटरीसकट सव्वादोन किलोच्या आत. खांद्याला लावून बाजारात जाता येतं.

गल्लत होते ती आकड्यांत. मशीनवरचे १ ते ६ हे लिटर नव्हेत. श्वास आत ओढला की हे मशीन ऑक्सिजनची एक फुंकर सोडतं. ६ नंबरवर अशा सगळ्या फुंकरी मिळून मिनिटाला १२६० मिली होतात. श्वास १५ असतील तर प्रत्येकी ८४ मिली; धाप लागून ३० झाले की ४२. फायब्रोसिसचा पेशंट चालताना उथळ, भराभर श्वास घेतो, म्हणजे गरज वाढते नेमकी तेव्हाच फुंकर अर्धी होते. श्वासाच्या सुरुवातीलाच मिळत असल्याने ती वाया कमी जाते, हे खरं. पण तोंडाने श्वास घेणाऱ्यांचा श्वास सेन्सरला कधीकधी कळतच नाही.

म्हणून पैसे देण्याआधी डेमो मागा. नाकात नळी, बोटाला ऑक्सिमीटर, नेहमीच्या चालीने सहा मिनिटं चालणं. थांबल्यावरही अर्धा मिनिट आकडा बघत राहा, तो उशिरा खाली येतो. बोटं गार असतील तर चोळून गरम करा. स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होण्याचा आजार) असेल तर बोटाऐवजी कानाच्या पाळीचा सेन्सर मागा. डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवरही ८८ च्या खाली जात असेल तर हे मशीन त्या पेशंटचं नाही. त्याला सलग प्रवाह देणारं मशीन किंवा सिलिंडर लागेल.

साडेसहा तासांची बॅटरी १ नंबरवरची. नंबर वाढवला की वेळ झपाट्याने घटते. मशीनच्या दोन्ही बाजूंच्या, हवा गाळणाऱ्या जाळ्या आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवूनच लावा.

नुसती धाप लागते म्हणून मात्र मशीन आणू नका. महिनोन् महिने कोरडा खोकला, बोटांची टोकं फुगलेली, पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर व्हेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज, असं असेल तर छातीचा एचआरसीटी (बारकाईने दाखवणारा सीटी स्कॅन) आधी. टीबी किंवा दमा समजून यात वर्षं जातात. घरात कबुतरांची विष्ठा किंवा बुरशी धरलेला कूलर असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा, फायब्रोसिसचं कारण तेही असू शकतं. पिरफेनिडोन, निंटेडॅनिब ही औषधं व्रण वाढण्याचा वेग कमी करतात, धरलेला व्रण पुसत नाहीत.