'वाड्याचं सागवान' आणि आमचं बेसिनखालचं कपाट

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटचं बाथरूम गेल्या दिवाळीत नव्यानं केलं. बेसिनखाली कपाट हवं होतं, पण प्लास्टिक नको, असं माझंच टुमणं. एका शोरूममध्ये 'पर्यावरणपूरक' अशा पाटीखाली एक छान कपाट दिसलं. दुकानदार म्हणाला, "ताई, पंचवटीत वाडा पाडला ना, त्याचं सागवान आहे. एक नवीन झाड तोडलेलं नाही." वाडा म्हटल्यावर मी विरघळलेच. आजोबांचा वाडा पाडला तेव्हा त्याच्या तुळया कुणीतरी अशाच टेम्पोत भरून नेल्या होत्या. दारांवर जुन्या खिळ्यांची भोकंसुद्धा होती. ४२,००० रुपये मोजले.

जुलैत सिंकच्या ट्रॅपमधून, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपमधून, थेंब थेंब गळायला लागलं. आठवड्याभरात तळाची फळी फुगली, कडेची पट्टी सुटली. बोटानं दाबलं तर चहात बुडवलेल्या खारीसारखा लगदा! सुतारमामांना बोलावलं. त्यांनी बिजागरीचा स्क्रू नुसता ओढला, तो भुश्यासकट हातात आला. "सागवान कसलं ताई, पार्टिकल बोर्ड आहे, भुसा दाबून केलेला. वर सागाचा पापुद्रा चिकटवलाय."

मग त्यांनी दार उतरवून मला धडाच दिला. भरीव लाकडाच्या वरच्या रेषा कापलेल्या टोकाशीही जुळतात. इथे टोकाला पट्टी डकवलेली, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी होतं. भोकं सगळी एकाच मापाची, एकाच खोलीची, ड्रिलनं पाडलेली. सागात लोखंडी खिळा वर्षानुवर्षं राहिला की भोवती काळा डाग पडतो. आमची भोकं आतून कोरी करकरीत. व्हिनिअर, म्हणजे असा पापुद्रा, वाईट नसतं, पण ओल्या जागी त्याच्याखाली आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचं मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड हवं, असं मामांचं म्हणणं. हे सगळं दुकानात दोन मिनिटांत दिसलं असतं. मी मात्र वाड्याची गोष्ट ऐकत बसले होते.

दुकानात गेले तर उत्तर तयार: "बिलात सागवान कुठं लिहिलंय?" खरंच नव्हतं. 'वुडन व्हॅनिटी, नग १', एवढंच. विकताना दाखवलेल्या कागदावर एफएससीचं, म्हणजे जंगल जपून मिळवलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं, झाडाचं चिन्ह होतं, त्याचा फोटो मी काढला होता. या चिन्हासोबत सी आणि सहा आकडी परवाना क्रमांक असतो आणि तो एफएससीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आमच्या कागदावर क्रमांकच नाही. पुढच्या खरेदीत ८,००० सूट देतो म्हणाले. पुढची खरेदी!

वाचवलं ते व्हॉट्सअ‍ॅपनं. बुकिंगच्या दिवशी दुकानदारानेच लिहिलं होतं, 'शंभर टक्के जुनं सागवान.' तो मेसेज जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. काही हललं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. 'पर्यावरणपूरक' म्हणायचं तर पुरावा हवा, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये काढली आहेत. अर्जात तीही लिहिली.

तारीख पडायची आहे. फुगलेली फळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅलरीत ठेवली आहे. सासूबाई रोज विचारतात, हा कचरा कधी काढणार?