सेबर२ 150: लँडिंगचा वेग वाढवायला शिकताना

परफॉर्मन्स डिझाइन्स कंपनीची सेबर२ 170, म्हणजे स्कायडायव्हिंगची 170 चौरस फुटांची कॅनपी (पॅराशूटचा पंख), मी बराच काळ उडवली आणि गेल्या सीझनपासून त्याच मॉडेलच्या 150 वर आहे. नवी कॅनपी घेतली की जो तो विचारतो, उघडते कशी? मला जास्त काळजी होती ती शेवटच्या मिनिटाची. पुढचे रायझर (लाइन्स, म्हणजे कॅनपीच्या दोऱ्या, अंगावरच्या हार्नेसला जोडणारे पट्टे) ओढून, वळण घेऊन, जास्त वेगाने जमिनीलगत यायला हिच्यावर शिकता येईल का? आणि शिकत असताना ही सांभाळून घेईल का? हा रिव्ह्यू तेवढ्याच प्रश्नापुरता आहे. 90 अंशांच्या वळणापर्यंत माझं उत्तर मनापासून 'हो' असं आहे. त्याहून मोठ्या वळणांसाठी मी ही कॅनपी सुचवणार नाही, आणि का ते पुढे सविस्तर लिहिते.

आधी वजनाचं बघू. रिग (पाठीवरचं पॅराशूटचं सगळं सामान), हेल्मेट, कपडे सगळं धरून माझं वजन 195 पौंड भरतं. 170 वर विंग लोडिंग (कॅनपीच्या दर चौरस फुटामागे येणारे पौंड) 1.15 होतं, 150 वर ते 1.3 झालं. कॅनपीचा वेग विंग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सरळ उडताना फरक पडतो जेमतेम 6 टक्क्यांचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जमिनीशी गाठ पडते तेव्हा अंगावर येणारी ऊर्जा 13 टक्क्यांनी जास्त असते. शिवाय लहान कॅनपीच्या लाइन्सही आखूड असतात, त्यामुळे हात तेवढाच हलवला तरी ती लवकर वळते आणि लवकर नाक खाली घालते. 'एकच साइझ तर खाली जायचंय' हे डीझेडवर (ड्रॉप झोन, जंपची जागा) फार सहज बोललं जातं, मला ते अजिबात पटत नाही. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक साइझपुढे अनुभवानुसार वजनाच्या मर्यादा छापलेल्या असतात. आधी तो तक्ता बघावा, मित्रमंडळींचं मत नंतर विचारावं.

उघडण्याबद्दल थोडक्यात. सेबर२ उघडताना दिशा बदलते असं नेहमी ऐकू येतं. माझा अनुभव चांगला आहे. खांदे समतल ठेवले आणि हार्नेसमध्ये दोन्ही मांड्यांवर सारखा भार राहिला की ती सरळ उघडते. पॅकिंगला वेळ द्यावा लागतो, तो मी आनंदाने देते.

टॉगलचा फ्लेअर, म्हणजे उतरताना ब्रेकच्या दोन्ही मुठी ओढून वेग मोडणं, हे या कॅनपीचं मोठं बळ. सरळ फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यावर), वारा पडलेला असतानाही, फ्लेअरच्या पहिल्या टप्प्यात ही सपाट होते आणि दुसऱ्या टप्प्यात शांतपणे उभं करून ठेवते. वेगाच्या मागे लागण्याआधी मी बराच काळ फक्त अशीच लँडिंग केली, ठरवलेल्या जागी उतरणं सवयीचं होईपर्यंत. त्याच काळात वर उंचीवर ब्रेकमधली वळणं, सपाट वळणं, मागच्या रायझरचा फ्लेअर आणि स्टॉल (कॅनपी उडायची थांबेपर्यंत ओढणं) घोटून घेतले. यूएसपीए या अमेरिकी पॅराशूट संघटनेच्या बी लायसन्ससाठी जे कॅनपी पायलटिंगचं प्रोफिशिएन्सी कार्ड भरावं लागतं, त्यातलेच हे सराव. नवी कॅनपी आली की ते सगळं कार्ड पहिल्यापासून पुन्हा करावं असं माझं ठाम मत आहे. जुन्या साइझवर कमावलेला हात नव्या साइझवर जसाच्या तसा चालत नाही.

आता मुख्य मुद्दा, रिकव्हरी आर्क. वळण संपवून रायझर सोडल्यापासून कॅनपी आपणहून पुन्हा सपाट उडू लागेपर्यंत जी उंची खर्च होते, तिला हे नाव आहे. सेबर२चा आर्क आखूड आहे. रायझर सोडले की ही फार वेळ डाइव्हमध्ये राहत नाही, स्वतःच नाक उचलते. नव्या माणसाला हे वरदान वाटतं, आणि अर्ध्यापुरतं ते खरंही आहे. वळण जरुरीपेक्षा उंचावर संपलं तर काहीच बिघडत नाही. ही सपाट होते, जास्तीचा वेग ओसरतो, नेहमीसारखा फ्लेअर करून उतरायचं.

दुसरा अर्धा भाग लोक बोलत नाहीत. आर्क आखूड असल्यामुळे मिळवलेला वेग जमिनीपर्यंत न्यायचा तर वळण खाली संपवावं लागतं. वरची चूक ही कॅनपी माफ करते, खालची चूक करत नाही, आणि खाली विचार करायला वेळही उरत नाही. त्याच कंपनीच्या कटानाचा आर्क लांब आहे. तिचं वळण बऱ्याच वरून सुरू करावं लागतं, त्यामुळे जमीन कशी वर येते आहे ते बघायला आणि बेत रद्द करायला वेळ मिळतो. पण कटाना प्रत्येक इनपुटला तीव्र प्रतिसाद देते, उंचीही भराभर खाते, म्हणून ती शिकाऊ माणसाची कॅनपी नव्हे. सेबर२ आणि कटाना यांच्यातला हा पेच खरा आहे. म्हणून माझा निर्णय असा की सेबर२वर दोन्ही पुढच्या रायझरचा सरळ अप्रोच आणि 90 अंशांचं वळण पक्कं करायचं, आणि तिथेच थांबायचं. हिच्यातून जास्त वेग पिळून काढायला दर जंपला वळण थोडं थोडं खाली आणत जाणं हा या कॅनपीवरचा सगळ्यात मोठा धोका आहे. यूएसपीएच्या अपघात अहवालांत, पूर्ण उघडलेल्या आणि धडधाकट कॅनपीखाली, जमिनीजवळ घेतलेल्या वळणाने गेलेली माणसं वर्षानुवर्षं भेटत राहतात. ते अहवाल मी नेमाने वाचते, आणि प्रत्येकाने वाचावेत.

वळण आणि आर्क मिळून लागणारी उंची मोजायची वर, 2000 फुटांच्या पुढे, आणि आधी आजूबाजूला व खाली कोणी नाही हे बघून. वळण सुरू करताना डिजिटल अल्टिमीटर बघायचा, कॅनपी सपाट झाली की पुन्हा बघायचा. मी फ्लायसाइट जीपीएसही लावते, म्हणजे खाली आल्यावर उभ्या दिशेचा वेग नेमका कुठे शून्याजवळ आला ते दिसतं. तेच वळण अनेकदा घ्यायचं, त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा, सरासरी धरायची नाही, आणि वर मोकळ्या हाताने भर घालायची. माझे आकडे इथे मुद्दाम देत नाही. वजन बदललं, रायझर ओढण्याचा वेग बदलला, डीझेडची समुद्रसपाटीपासूनची उंची किंवा तापमान बदललं की आकडा बदलतो. गरम दुपारी हवा विरळ असते आणि त्याच वळणाला जास्त उंची लागते. सकाळचा आकडा दुपारी वापरू नये.

आता एक गोष्ट, जी कोणी नीट सांगत नाही आणि जिच्यामुळे कॅनपीलाच नावं ठेवली जातात: ब्रेक लाइनची लांबी. पुढचे रायझर ओढले की कॅनपी थरथरते, उचक्या दिल्यासारखी नाक वर-खाली करते, अशी तक्रार पुष्कळ ऐकली आहे. बहुतेक वेळा कारण हे की ब्रेक लाइन आखूड असते. रायझर खाली येतो तशी, टॉगल हातात असल्यामुळे, कॅनपीची मागची कड ओढली जाते, म्हणजे एकाच वेळी वेग वाढवणं आणि ब्रेक लावणं चालू राहतं. स्पेक्ट्रा धाग्याच्या लाइन्स स्लायडरच्या (उघडताना लाइन्सवरून खाली सरकणारं कापड) घर्षणाच्या उष्णतेने वापरागणिक आकसतात, आणि बाहेरच्या व ब्रेकच्या लाइन्स जास्त आकसतात. वापरलेली कॅनपी घेतली असेल तर हे हमखास तपासा. उंचीवर, टॉगल हातात ठेवून पुढचे रायझर ओढा आणि मागच्या कडेकडे बघा. ती खाली वाकत असेल तर रिगरकडून (पॅराशूटची दुरुस्ती करणारा) ब्रेक लाइन वाढवून घ्या. माझ्या कॅनपीवर रिगरने हे काम केल्यावर डाइव्ह एकसारखी झाली आणि मोजलेले आकडेही एकमेकांच्या जवळ आले.

रायझर जड आहेत, हे मान्य. वेग वाढला की ते हातातून निसटू बघतात. आधी थोडे ब्रेक धरून कॅनपीचा वेग कमी करायचा, ते सोडायचे आणि त्या क्षणी रायझर घ्यायचे, म्हणजे जोर कमी लागतो. तिथून वळण हळूहळू रुंद करत न्यायचं. झटक्याने मारलेलं वळण आणि सावकाश घेतलेलं वळण यांत सेबर२वर जमीन-अस्मानाचा फरक आहे. सावकाश वळणात हार्नेस काय सांगतोय ते कळतं, आणि मधेच थांबता येतं.

थांबण्याचा सराव मी वळणाच्या सरावापेक्षा जास्त केला आहे. खाली आहोत असं नुसतं वाटलं तरी रायझर सोडायचे, पंख समतल करायचा, शरीर कॅनपीखाली आणायचं आणि दोन्ही टॉगल एकत्र, ठामपणे ओढायचे. कॅनपी कललेली असताना नुसते टॉगल ओढून भागत नाही. हे वर इतक्या वेळा करावं की हात आपणहून हलावेत. टॉगल पूर्ण वेळ हातातच ठेवायचे, हे वेगळं सांगायला नको.

आणखी दोन सवयी. ही वळणं मी साधारण 5000 फुटांवरच्या हॉप अँड पॉपमध्येच (उडी मारून लगेच कॅनपी उघडायचा जंप) करते, जिथे आकाशात गर्दी नसते. पूर्ण उंचीच्या लोडमध्ये (विमानाच्या खेपेत) उतरण्याचा नेहमीचा पॅटर्न उडवते, कारण सरळ येणाऱ्याच्या डोक्यावर वेगाने वळत येणं हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. दुसरी सवय म्हणजे कोच. खालून व्हिडिओ घेणारा, आणि 'आज नको' म्हणायचं धाडस असलेला माणूस नसेल तर मी त्या दिवशी सरळच उतरते.

1.15 च्या आसपास सरळ लँडिंग पक्कं झालेल्या आणि दोन सीझन घाई न करण्याची तयारी असलेल्या माणसाला मी सेबर२ 150 आनंदाने सुचवेन. 270 अंशांच्या स्वूपवर (वळणाने वेग घेऊन जमिनीलगत लांब जाणं) नजर असेल त्याने कोचशी बसून आधी लांब आर्कच्या कॅनपीपर्यंतचा रस्ता आखावा, आणि त्या रस्त्यात सेबर२ला तिच्या हक्काचा वेळ द्यावा. माझ्या लाइन्स आता बदलायला आल्या आहेत. नव्या लाइन्स लागल्या की जुने सगळे आकडे खोडायचे, पुन्हा 2000 फुटांच्या वर जायचं आणि पहिल्यापासून मोजायचं.